एवढ्याशा इंजिनाला एवढे पैसे

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि माझाही. ती गाडी त्या किमतीला महाग आहे. आहे, आहे, त्रिवार आहे. इंजिन दीडशे सीसीचं, म्हणजे दूध टाकणाऱ्याच्या गाडीला असतं तेवढंच. मागची सीट वहीएवढी. हँडल इतकं खाली की वाकून बसावं लागतं, पिशवी अडकवायला साधा हूक नाही, आणि तेवढ्या पैशांत दुप्पट इंजिनाची गाडी मिळते, थोडी घासाघीस केली तर जुनी चारचाकीसुद्धा मिळते. हे सगळं मला घेण्याआधी माहीत होतं. तरी घेतली. आता बोला.

बोलणारे घरातच होते म्हणा. माझे बाबा जुन्या मोटरसायकली विकतात. एक लांबलचक रस्ता आहे, दोन्ही बाजूंना तीच दुकानं, त्याला सगळे नुसतं 'लाइन' म्हणतात. लाइनमध्ये प्रत्येक गाडीच्या हेडलाइटवर पांढऱ्या पेननं किंमत लिहिलेली असते. गिऱ्हाईक वळलं की ती पुसून कमी करायची, दुसरं आलं की वाढवायची. बाबांचा हा पेन खिशाला कायमचा. कुणाच्या लग्नाला गेले तरी आधी पार्किंग फिरून येतात आणि मग नवरामुलगा बघतात.

आमच्या दारात लहानपणापासून शेकडो गाड्या लागल्या, पण आमची अशी एकही नाही. सकाळी मी जिच्यावर बसून शाळेत गेले ती संध्याकाळी गेलेली असायची. गाड्या कागदावर कधी आईच्या नावानं, कधी माझ्या. बाबा कागद आणायचे, सही करायची तिथं पेन्सिलीनं बारीकशी फुली केलेली असायची, आणि आम्ही हातातलं काम न सोडता फुलीवर सही करायचो. कोणती गाडी, कुणाला, हे विचारायची पद्धतच नव्हती. कपडे वाळत घालता घालता आई सही करायची, बोटांचं पाणी कागदाला लागायचं आणि बाबा म्हणायचे, "अगं, जरा कोरडे हात!"

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांना सांगते, हलू नका, श्वास रोखून धरा. तीस वर्षांची झाले, लग्न केलेलं नाही, यावर नातेवाइकांचं जे काय म्हणणं आहे ते त्यांनी त्यांच्या घरी म्हणावं. पैसे माझे होते. गाडी नवी, शोरूममधून, लाल रंगाची. रांगेत नाव घालून सहा महिने वाट पाहिली तेव्हा मिळाली.

घरी आणली त्या दिवशी बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. बोटानं वाजवून म्हणाले, "प्लास्टिक." खाली वाकले. "इंजिन झाकून का ठेवलंय ठाऊक आहे? लाज वाटते म्हणून." सायलेन्सरपाशी कान नेला. "हं. नाव मोठं लक्षण खोटं."

"झालं तुमचं?" मी विचारलं.

"ठमाबाई, शोरूमच्या दारातून चाक बाहेर पडलं तेव्हाच तुझे पैसे गेले. पुढच्या वर्षी ही कितीला जाईल सांगू?"

"नका सांगू. मला विकायची नाही."

यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "सगळे असंच म्हणतात गं," डोळे पुसत म्हणाले, आणि सवयीनं खिशातला पेन काढून माझ्या गाडीच्या हेडलाइटच्या काचेवर आकडा लिहायला लागले. मी पेन हिसकावून घेतला. आई दारात उभी होती. नंतर मी आत गेल्यावर तिनं पदराच्या टोकानं आरसा पुसलेला मी खिडकीतून पाहिला.

आता तुम्ही विचाराल, मग घेतलीस कशाला? ऐका. मोठ्या गाड्या मी खूप चालवल्यात, दुकानदाराच्या पोरीला काय तोटा! मोठी गाडी माझ्यावर उपकार केल्यासारखी चालते. जरा मूठ पिळली की निम्मा रस्ता संपतो आणि माझा जीव घशात येतो. तिच्यातली ताकद वापरायची माझी छातीच होत नाही, घरी आणून नुसतं पुसत बसायचं. ही तशी नाही. हिला पिळावं लागतं. गावाबाहेर टेकडीवर वळणांचा रस्ता आहे, तिथं हिला घेऊन गेलात तर कळेल. वळणाच्या आधी दोन गिअर खाली, खांदा आत टाकायचा, नजर वळणाच्या पलीकडे, आणि बाहेर पडताना मूठ पूर्ण उघडायची. पूर्ण! आयुष्यात कुठली गोष्ट मला पूर्ण वापरायला मिळाली होती सांगा? घरात बेतानं, नोकरीत बेतानं, बोलायचं तर तेही बेतानं. हिच्यात जेवढं आहे तेवढं सगळं माझ्या हाताला येतं. त्या टेकडीवरून उतरले की माझा चेहरा बघण्यासारखा असतो, असं आई म्हणते.

आईचंही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आई टेलिफोन ऑफिसात नोकरीला होती आणि तिची स्वतःची स्कूटर होती, आकाशी रंगाची, तिच्या पगारातून घेतलेली. मी जन्मले त्याच आठवड्यात बाबांनी ती विकली. आई हॉस्पिटलात झोपलेली, बाबा कागद घेऊन हजर. "बघ, सोन्यासारखा भाव आला, पोरीचा पायगुण!" फुलीवर सही. आईनं विचारलं, मी ऑफिसला कशानं जाणार? तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात दुसरी आणतो.

आमच्या घरातला हा पेटंट विनोद आहे. घरात चार माणसं जमली की बाबा तो सांगतात: बायको बाळंतीण, एका हातात पोर, दुसऱ्या हातात पेन! लोक पोट धरून हसतात. आईही हसते. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

तर त्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगची जागा खणून ठेवली होती, म्हणून मी बसनं गेले. बाबा म्हणाले, "चावी ठेवून जा, हवा भरून आणतो." मी एक चावी ठेवली. दुसरी नेहमीसारखी माझ्या पर्समध्ये.

संध्याकाळी घरी आले तर बाबा टेबलाशी नवे कपडे घालून बसलेले. समोर पाकीट.

"बस," म्हणाले. "आधी पाणी पी. मग ऐक. आजवर लाइनमध्ये जे कुणाला जमलं नाही ते तुझ्या बापानं करून दाखवलं."

"गाडी कुठाय?"

"तेच सांगतोय. मोबाइलच्या दुकानाचा मालक आला होता. त्याला मेहुण्याला भेट द्यायचीय, शोरूम म्हणतं सहा महिने थांबा. माझ्या दुकानासमोर ही लाल परी उभी! चार महिने वापरलेली गाडी मी नव्या किमतीच्या वर काढली. वर, कळलं का? शेजारचा कमिशनकाका बघतच राहिला. हे टोकन, बाकीचे उद्या. तुझं डोकं चालत नाही असं मी म्हणालो होतो ना? शब्द मागे घेतो. गाडी किमतीला लायक होती!"

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की त्यांना शिव्या घालाव्यात की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. ते खरोखर माझं भलं करून आले होते. त्यांच्या हिशेबी याहून मोठं प्रेम नाही.

"बाबा, मी म्हटलं होतं, विकायची नाही."

"अगं, भाव यायच्या आधी म्हणाली होतीस!"

"भाव आल्यावरही तेच म्हणते. परत आणा."

"हात मिळवलाय मी." आता त्यांचा आवाज खाली आला. "चावी दिलीय. लाइनमध्ये मी आजवर दिलेला शब्द फिरवलेला नाही. वाटेल त्याला विचार."

हे खरं होतं. लाइनचा एक कायदा आहे: पहिली चावी हातावर, दुसरी चावी सहीवर. हात मिळवला की एक चावी द्यायची, कागदावर सही झाली की दुसरी. मधल्या काळात गाडी दुकानातच राहते, पण सौदा झालेला असतो. मोडायचा तर मोडणाऱ्यानं भर रस्त्यात, सगळ्यांना बोलावून, टोकन दुप्पट परत करायचं. पैशांचं एवढं काही नाही. पण त्यानंतर त्या माणसाच्या हातात कुणी हात देताना आधी त्याच्या तोंडाकडे बघतं. बाबांच्या ओळखीत असे दोघे होते, दोघांनीही पुढे धंदा बदलला.

"पुढच्या आठवड्यात तुला दुसरी—" बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. आईच्या हातून झाकण पडलं होतं. पडलं की आपटलं, ते तिलाच ठाऊक. बाबांनी तिकडे बघत हसून म्हटलं, "बघ, हिला माझा जुना किस्सा आठवला." आई हसली नाही. मी पहिल्यांदाच पाहिलं, की ती हसली नाही.

सकाळी मी निघाले तर आई चपला घालून तयार. "मी पण येते," एवढंच म्हणाली. बाबा पुढे गेले होते. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो.

लाइन नुकती उघडली होती. गाड्या बाहेर काढून रांगेत लावणं, फडकी मारणं चाललेलं. बाबांच्या दुकानासमोर माझी लाल गाडी उभी होती आणि तिच्या काचेवर पांढऱ्या पेननं आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. दोन रेघा म्हणजे विकली गेली. तो आकडा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोबाइलवाला खुर्चीवर बसला होता, चांगला सभ्य माणूस. कमिशनकाका चहा घेऊन उभा. याला हे नाव पडलं, कारण दोन माणसं नुसती एकमेकांशी बोलली तरी तो मध्ये उभा राहून आपला वाटा मागतो. आजूबाजूच्या दुकानांतलेही चार-पाच जण आले होते. नव्याहून जास्त भावाचा सौदा बघायला कोण येणार नाही?

बाबांनी कागद पुढे केला. "फुली केलीय. इथं आणि मागे एक."

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

चहा पिणारे थांबले. बाबा माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "घरी काय वाटेल ते बोल. इथं नको. पाया पडतो तुझ्या."

"शब्द तुमचा, गाडी माझी. तुमच्या शब्दासाठी माझी गाडी का?"

"एवढंसं इंजिन गं!" त्यांचा स्वर रडवेला झाला. "एवढ्याशा इंजिनासाठी बापाला रस्त्यावर आणतेस?"

इथं मी ढिली पडले, सांगते सरळ. मी रागीट आहे, दगड नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि ज्या माणसाला मी जन्मभर लाइनमध्ये ताठ मानेनं चालताना पाहिलं तो माझ्यापुढे मान खाली घालून उभा होता. मनात आलं, जाऊ दे, लोखंडच तर आहे. सहा महिने थांबू, पुन्हा घेऊ. मी पेन घेतला. कागद सीटवर ठेवला. पेन्सिलीची ती बारीकशी फुली, अगदी लहानपणापासून ओळखीची.

"पेन खाली ठेव."

आई होती. दुकानाच्या पायरीवर उभी, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. लाइनमध्ये ती कधी येत नसे, त्यामुळे निम्म्या लोकांना ती कोण हेच ठाऊक नव्हतं.

"अहो," ती बाबांना म्हणाली. "माझी स्कूटर कितीला गेली होती?"

बाबा गोंधळले, पण भाव विचारला की त्यांच्याच्यानं गप्प राहवत नाही. त्यांनी आकडा सांगितला, सुट्या पैशांसकट. घेणाऱ्याचं नावही सांगितलं. कमिशनकाकानं कौतुकानं मान हलवली, काय स्मरणशक्ती!

"आणि दुसरी कधी आणणार होतात?"

"पुढच्या आठवड्यात," बाबा म्हणाले. ठरलेल्या जागी ठरलेलं वाक्य, तोंडातून आपोआप आलं, आणि किस्सा ऐकलेले दोघेतिघे सवयीनं हसलेसुद्धा.

"लेक तीस वर्षांची झाली," आई म्हणाली. "तो आठवडा यायचाय अजून."

कुणी हसलं नाही.

"मी नोकरी सोडली तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, पोरीसाठी सोडली. पोरीसाठी नाही सोडली. दोन बसा बदलून जाणं होईना म्हणून सोडली. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. तुम्ही किस्सा सांगायचात आणि मी हसायचे. आता मला हसायला येत नाही. हिच्याकडून सही घ्यायची नाही."

आई एवढं सलग बोललेली मी ऐकलेली नाही. आवाज चढलेला नव्हता. टेलिफोन ऑफिसात नंबर जोडून देताना बोलत असेल तशी स्पष्ट बोलली, शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशी. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

बाबांनी काचेवरच्या आकड्याकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून टोकनाचं पाकीट काढलं. आत गेले, गल्ल्यातून तेवढेच आणखी आणले. भर रस्त्यात उभे राहिले आणि लाइनच्या कायद्याप्रमाणे मोठ्यानं म्हणाले, "सौदा मोडला. मी मोडला." घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "गाडी विकायची नव्हती. मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मोबाइलवाल्यानं आपलेच पैसे घेतले, वरचे परत केले. बाबांनी ते त्याच्या खिशात कोंबले. "घ्या. कायदा आहे," म्हणाले. तो बिचारा पहिली चावी परत द्यायला विसरूनच निघाला, कमिशनकाका त्याच्या मागे धावला. मला थांबायचं नव्हतं. दुसरी चावी होती माझ्याकडे.

"आकडा पुसा," मी बाबांना म्हटलं.

फडकं हाताशी होतं, पण त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसला. ती शाई अशी जात नाही, बाहीला पांढरं लागलं, काचेवर धूसर डाग राहिला. ते पुसतच राहिले. आईनं त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा थांबले.

"आई, बस," मी म्हटलं.

"कुठं? ही सीट आहे की चेष्टा?"

"चेष्टाच आहे. बस."

बाबांनी दुकानातलं हेल्मेट आणून तिच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखाली पट्टा लावला. तो लवकर लागेना. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "अगं बाई, उंच आहे गं!" म्हणत एकदाची वर चढली आणि मला कमरेला अशी घट्ट मिठी मारली की श्वास अडकला. मी चावी फिरवली. एवढंसं इंजिन, पण सकाळच्या शांत लाइनमध्ये चांगलं वाजलं.

निघालो. लाइनमध्ये कुठलीही गाडी हलली की दुकानांतून भाव पुकारायची रीत आहे. तशी लोकांनी पुकारायला सुरुवात केली. "ताई, किती घेणार?" "काकू, माझ्याकडे द्या, दोन जास्त देतो!" मी काही बोलणार तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "तुझं दुकान देतोस का?" हशा पिकला. पुढच्या दुकानातून कुणीतरी आकडा ओरडलं. "घरी जाऊन बायकोला विचार आधी!" आई. मला माहीतच नव्हतं की हिला असं बोलता येतं.

लाइन संपली, रस्ता मोकळा झाला, समोर टेकडीकडे जाणारं वळण दिसायला लागलं. मी दोन गिअर खाली घेतले.

"थांब, थांब," आई खांद्यावर थापट्या मारत म्हणाली.

"घाबरलीस?"

"घाबरते कशाला? परत फिरव. त्या शेवटच्या दुकानातल्यांनी बघितलंच नाही."

मी फिरवली. महाग आहे ती गाडी, अजूनही म्हणते. मूठ पूर्ण उघडली आणि आईला घेऊन लाइनमधून पुन्हा गेले.